बानावे

फिलिपीन्स देशाच्या लूझॉन बेटावरील, इफुगाव प्रांतातील डोंगराळ कृषिनगर व पर्यटनकेंद्र. लोकसंख्या सु. २०,६५० (२०२०). मध्य कॉर्डिलेरा या पर्वतश्रेणीच्या पूर्व बाजूस, समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवर ते वसले असून मानिला या राजधानीपासून रस्त्याने उत्तरेकडे सु. ३५० किमी. अंतरावर आहे. बानावे हे नाव मुख्य वस्तीला, तसेच भोवतालचे १८ बारांगाय (ग्रामविभाग) मिळून झालेल्या नगरपालिका क्षेत्रालाही लावले जाते. वरील लोकसंख्या या सर्व क्षेत्राची आहे.

डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भातखाचरे पाहण्यासाठी, त्यांच्या बांधांवरून पदभ्रमण करण्यासाठी आणि इफुगाव लोकांची जीवनपद्धती जाणून घेण्यासाठी जगभरातील प्रवासी येथे येतात. फिलिपीन्सने २०१० मध्ये प्रचारात आणलेल्या २० पेसोंच्या नोटेवर या खाचरांचे चित्र आहे. तथापि येथील प्रेक्षणीय वस्तू ही मंदिर, किल्ला वा लेणे यांप्रमाणे एकदा पूर्ण होऊन मागे उरलेली नाही. ती दरवर्षी चिखलणी, लावणी व बांधबंदिस्ती होणारी शेती आहे. ती कसणे थांबले, की अल्पावधीतच बांध ढासळू लागतात आणि प्रवासी जे पाहावयास येतात तेच नाहीसे होते. म्हणून बानावेच्या पर्यटनाचा विचार तेथील शेतीपासून वेगळा करता येत नाही.

भूवर्णन व हवामान : इफुगाव प्रांतातील दऱ्या अरुंद व उतार तीव्र असून सपाट जमीन नाममात्रच आढळते. बानावेची बाजारपेठ, शाळा व निवासस्थाने दरीच्या उतारावरच दाटीवाटीने उभी आहेत. भोवतालची खाचरे दरीच्या तळापासून सु. १,५०० मी. उंचीपर्यंत चढत गेली असून त्यांच्या वरच्या अंगास वनाच्छादित माथे आहेत. उत्तरेकडील अमुयाव हे शिखर २,७०२ मी. उंच आहे. प्रांतातील ओढे व नद्यांचे पाणी पूर्वेकडे मागात नदीस मिळते. या नदीवरील १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणातून खालच्या सपाट प्रदेशातील शेतीला पाणी व वीज मिळत असल्याने, इफुगावमधील वने व खाचरे यांचे महत्त्व त्या प्रांतापुरते मर्यादित नाही.

हवा वर्षभर सौम्य असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात थंडी व धुके असते. जून ते नोव्हेंबर हा मुसळधार पावसाचा व टायफून वादळांचा काळ होय. त्या वेळी दरडी कोसळून रस्ते बंद पडतात आणि खाचरांचे बांधही वाहून जातात.

शेतीव्यवस्था : इफुगाव शेतीचा आरंभ खाचरापासून नव्हे, तर त्याच्या वरच्या अंगास असलेल्या रानापासून होतो. या राखीव रानास ‘मुयोंग’ म्हणतात. ते कुटुंबाच्या मालकीचे असून त्यातून सरपण, घरबांधणीचे लाकूड, वेत, फळे व औषधी वनस्पती मिळतात. परंतु त्याचे मुख्य कार्य पावसाचे पाणी जमिनीत मुरवून झरे जिवंत ठेवणे आणि डोंगराची माती धरून ठेवणे हे आहे. मुयोंगमधून निघालेले पाणी पाटांनी आणि बांबूच्या पन्हळांनी सर्वांत वरच्या खाचरात आणले जाते व तेथून एकेका पायरीने खाली उतरत दरीच्या तळाशी ओढ्यास मिळते. रान, पाट, खाचर व वस्ती अशी ही रचना वरून खाली एकमेकींत गुंतलेली असल्याने एका ठिकाणी बिघाड झाल्यास त्याचा परिणाम खालील सर्व पायऱ्यांवर होतो. वरच्या पायरीवरील शेतकऱ्याने खाचर टाकून दिले, तर खालच्या शेतकऱ्याचेही पाणी तुटते. पाण्याचे हक्क रूढीने ठरलेले आहेत. आधीपासून भिजत असलेल्या खाचरांचे पाणी नव्या खाचरासाठी वळविता येत नाही.

खाचराची भिंत काही ठिकाणी दगडांची, तर काही ठिकाणी चोपलेल्या मातीची असते. दगडी भिंतींत चुना वा सिमेंट वापरीत नाहीत. दगडांच्या फटींतून जादा पाण्याचा निचरा व्हावा, अशी त्यांची रचना असते. भिंतीच्या मागे दगडगोटे, मुरूम व माती यांचे थर घालून त्यांवर पाणी धरून ठेवणारा चिखलाचा थर देतात. खाचरे वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखाली ठेवली जातात. ती कोरडी पडल्यास चिखलाला भेगा पडतात व पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगांतून शिरून भिंत पाडते. पुष्कळ खाचरे इतकी अरुंद असतात, की त्यांत नांगर वा यंत्र चालविणे अशक्य होते. लाकडी फावडे, हात व पाय हीच येथील परंपरागत अवजारे होत.

येथील देशी भातास ‘तिनावोन’ म्हणतात. वर्षातून एकदाच येणारे, असा त्याचा अर्थ आहे. थंड हवेत ते हळू वाढते. साधारणतः वर्षाच्या अखेरीस रोपे टाकतात, जानेवारी ते मार्च या काळात लावणी होते आणि जून-जुलैमध्ये कापणी होते. उंचीप्रमाणे या काळात फरक पडतो. कापणी लोंबी लोंबी वेचून लहान सुरीने करतात, पेंढ्या बांधून वाळवितात व लाकडी उखळात कांडतात. लावणी-कापणीची कामे ‘उब्बू’ या पद्धतीने होत. आज एका घरच्या शेतावर सर्वांनी राबावयाचे व उद्या दुसऱ्याच्या, ही रीत कोकणातील सावडीसारखीच आहे. भाताचे एकच पीक अनेक कुटुंबांस वर्षभर पुरत नसे. उतारावरील फिरत्या शेतीतील रताळी हे गरिबांचे प्रमुख अन्न असे. भात पिकविणे व वर्षभर भात खाऊ शकणे हे त्यामुळे केवळ उपजीविकेचे नव्हे, तर प्रतिष्ठेचेही लक्षण मानले गेले.

लोक व संस्कृती : इफुगाव लोक तुवाली, आयांगान इ. परस्परसंबद्ध बोली बोलतात. बहुसंख्य लोक आता ख्रिस्ती आहेत. तथापि पूर्वजपूजा व कृषिविधी यांवर आधारलेल्या जुन्या धर्माचे अवशेष अनेक घरांतून टिकून आहेत. या विधींस ‘बाकी’ व ते करणाऱ्या पुरोहितास ‘मुंबाकी’ म्हणतात. मुंबाकीला पूर्वजांची दीर्घ वंशावळ व शेकडो देवतांची नावे मुखोद्गत असत. पेरणी, लावणी, कीडनिवारण, कापणी व धान्याची साठवण अशा प्रत्येक टप्प्यावर विधी होत आणि त्यांत कोंबडी वा डुक्कर यांचा बळी व ‘बायाह’ ही तांदळाची मदिरा अर्पण केली जाई. कणगीत ‘बुलुल’ या बसलेल्या वा उभ्या लाकडी मूर्ती ठेवीत. त्या धान्याचे रक्षण करतात व त्याची वाढ करतात, अशी श्रद्धा आहे. या विधींना व्यावहारिक बाजूही होती. ठराविक विधी झाल्याशिवाय कोणी लावणी वा कापणी सुरू करीत नसे. त्यामुळे संपूर्ण दरीतील कामे एकाच क्रमाने होत आणि पाण्याची वाटणी व मनुष्यबळ यांचा मेळ बसे. कृषिविधी लोप पावल्यावर शेतीचे हे वेळापत्रकही विस्कळित झाले.

इफुगाव समाजात राजे वा वंशपरंपरागत सरदार नव्हते. भातखाचरे, विधी व मेजवान्या यांच्या जोरावर ‘कादांग्यान’ हा श्रीमंत वर्ग मान मिळवी. त्याच्या घराखाली ‘हागाबी’ नावाचे अखंड लाकडाचे भव्य बाकडे असे. खाचरांचा मोठा हिस्सा परंपरेने ज्येष्ठ अपत्याकडे जातो, मग ते मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे लहान खाचरांचे आणखी तुकडे होणे टळले; मात्र धाकट्या भावंडांना पूर्वीपासूनच इतर उद्योग शोधावे लागले.

परंपरागत घरास ‘बाले’ म्हणतात. ते चार लाकडी खांबांवर उभारलेले, गवताने शाकारलेले व एका खोलीचे असते. उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाभोवती लाकडाची गोल चकती बसवितात. घराचे भाग खिळ्यांशिवाय खाचा पाडून जोडलेले असल्याने ते उकलून दुसरीकडे नेता येते. शिडी रात्री वर ओढून घेतात. घराच्या छपराखालील पोकळीत भाताच्या पेंढ्या साठवितात. चुलीच्या धुरामुळे त्यांना कीड लागत नाही. गवती छपरांची जागा आता बहुधा पत्र्यांनी घेतली आहे.

‘हुधुद’ हे इफुगावांचे कथागीत कापणीच्या वेळी, पेरणीच्या हंगामात व प्रेताच्या जागरणात गाइले जाते. त्याच्या दोनशेहून अधिक आख्याने आहेत, प्रत्येक आख्यान सु. चाळीस भागांचे असते आणि संपूर्ण गायनास अनेक दिवस लागतात. एक वयस्क स्त्री प्रमुख गायिका असते व इतर स्त्रिया तिच्या मागे गातात. अलिगुयोन हा यांतील सर्वांत प्रसिद्ध नायक होय. आपल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी त्याचे दीर्घकाळ चाललेले युद्ध कोणाच्याही पराजयाने संपत नाही, तर दोघांनी परस्परांच्या बहिणींशी विवाह केल्याने संपते. युनेस्कोने २००१ मध्ये हुधुदला मौखिक वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केले व २००८ मध्ये त्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश केला. हे गीत शेतातील कामाशी बांधलेले आहे. हाताने लोंबी वेचण्याची पद्धत जेथे संपली, तेथे ते गाण्याचा प्रसंगही उरला नाही. शेजारच्या हुंगदुआन भागात कापणी संपल्यावर नदीपात्रात ‘पुन्नुक’ ही रस्सीखेचीसारखी चुरस होते. २०१५ मध्ये कंबोडिया, दक्षिण कोरिया व व्हिएटनाम येथील तशाच खेळांबरोबर तिलाही या सूचीत स्थान मिळाले.

इतिहास : ही खाचरे केव्हा निर्माण झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी बानावे येथे शिक्षक म्हणून राहिलेला अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हेन्री ओटली बायर याने ती दोन ते तीन हजार वर्षांची जुनी असावीत, असा अंदाज वर्तविला. शालेय पुस्तके व प्रवासी पुस्तिका यांतून तोच रूढ झाला. फीलिक्स कीसिंग याने १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याविषयी शंका घेतली. स्पॅनिश सत्तेच्या दबावामुळे खालच्या खोऱ्यांतील लोक डोंगरात शिरले व त्यानंतर भातखाचरे वाढली, असे त्याचे मत होते. एकविसाव्या शतकात स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाने कार्बन-१४ पद्धतीने केलेल्या कालनिर्णयाने आणि कियांगान येथील जुन्या वस्तीच्या उत्खननाने या दुसऱ्या मतास पुष्टी मिळाली आहे. या संशोधनानुसार प्रारंभी येथील लोक अळूच्या कंदांची लागवड करीत आणि पाण्याखालील भातशेतीचा विस्तार सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतर झाला. हे मत सर्वांना मान्य नाही. प्राचीनत्वाच्या कल्पनेशी स्थानिक अभिमान निगडित आहे. तथापि नवे मत ग्राह्य धरल्यास इफुगावांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाही. परकीय सत्तेपासून दूर राहिलेल्या लोकांनी अवघ्या काही पिढ्यांत डोंगर शेतीखाली आणले, असा त्याचा अर्थ होतो.

फिलिपीन्सवर १५६५ ते १८९८ या काळात स्पेनची सत्ता होती. परंतु इफुगाव प्रदेशावर तिला स्थिर अंमल बसविता आला नाही. अमेरिकन राजवटीत १९०८ मध्ये डोंगरी प्रदेशाचा मौंटन प्रांत निर्माण झाला व इफुगाव त्याचा एक उपप्रांत बनला. याच काळात वाटा व शाळा झाल्या. रॉय फ्रँक्लिन बार्टन याने १९१९ मध्ये इफुगावांच्या रूढ कायद्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८० मध्ये हॅरल्ड कॉंक्लिन याने तयार केलेला इफुगाव प्रदेशाचा मानवशास्त्रीय नकाशासंग्रह या विषयावरील प्रमाणभूत ग्रंथ मानला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सैन्याने या डोंगरांत आश्रय घेतला होता. २ सप्टेंबर १९४५ रोजी सेनापती यामाशिता तोमोयुकी याने कियांगान येथे शरणागती पतकरली. तेथे युद्धस्मारक आहे. १९६६ मध्ये इफुगाव हा स्वतंत्र प्रांत झाला व लागावे हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. बानावे हे प्रशासकीय केंद्र नसले, तरी प्रवाशांचे केंद्र म्हणून तेच प्रसिद्धीस आले. १९७३ मध्ये शासनाने इफुगावमधील भातखाचरांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण दिले.

१९९५ मध्ये युनेस्कोने ‘फिलिपीन्स कॉर्डिलेरामधील भातखाचरे’ या नावाने पाच खाचरसमूहांचा जागतिक वारसा सूचीत समावेश केला. बाताद व बांगाआन (दोन्ही बानावे नगरपालिका क्षेत्रात), मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानमधील नागाकादान हे ते समूह होत. मनुष्य व निसर्ग यांच्या दीर्घ सहकार्यातून घडलेले आणि अद्याप वापरात असलेले सांस्कृतिक भूदृश्य म्हणून त्यांची निवड झाली. बानावे नगरालगतची, चित्रांतून सर्वांत अधिक परिचित असलेली खाचरे मात्र या सूचीत नाहीत. त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या आधुनिक इमारतींमुळे त्या भूदृश्याची अखंडता भंग पावली होती.

पदभ्रमण : मानिलाहून रात्री निघणाऱ्या बसने प्रवासी सकाळी बानावेस पोहोचतो, या प्रवासास सु. नऊ तास लागतात. उत्तरेकडे बोंतोककडे जाणाऱ्या रस्त्यावर नगराजवळच नजारे पाहण्याच्या जागा असून तेथून बानावेची खाचरे दिसतात. बहुतेक अल्पकालीन प्रवासी एवढेच पाहून परततात. खाचरांची घडण, पाणी व माणसे यांचा परिचय मात्र पायी फिरल्यावाचून होत नाही.

बाताद हे गाव बानावेच्या पूर्वेस असून तेथे जाण्यासाठी जीपनी वा तीनचाकी वाहनाने सु. १२ किमी. वरील फाट्यावर जावे लागते. फाट्यावरून रस्ता खिंडीपर्यंत चढतो. पूर्वी खिंडीपासून पुढे पायवाटच होती. आता रस्ता आणखी पुढे नेण्यात आला असला, तरी शेवटचा टप्पा पायीच उतरावा लागतो. बातादची खाचरे रंगमंडलाप्रमाणे अर्धवर्तुळाकार असून त्यांच्या तळाशी गाव आहे. खाचरांच्या कडेने पलीकडे उतरल्यावर ताप्पिया धबधबा लागतो. या वाटेवरील उंच पायऱ्या थकविणाऱ्या आहेत. बांगाआन येथे खाचरांच्या मधोमध वसलेले जुन्या धर्तीचे खेडे दिसते. पूला व काम्बुलो या खेड्यांतून बातादकडे येणारी दोन दिवसांची पदयात्रा रान, नदीकाठ व बांध यांवरून जाते. वाटेतील मुक्काम शेतकऱ्यांच्या घरी वा लहान निवासांत करता येतो. हुंगदुआनमधील हापाव येथे खाचरांतून जाणारी वाट नदीकाठच्या उष्ण झऱ्यापर्यंत पोहोचते. अमुयाव शिखराची चढण कष्टाची असून ती सराव असलेल्यांनाच झेपते.

खाचरांतील वाट म्हणजे बांधाचा वरचा कठडाच होय. तो अनेक ठिकाणी वीतभर रुंद असून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस दोन-तीन पुरुष खोल भिंत असते. पाय घसरल्यास प्रवाशाला इजा होते, तसेच कठड्याचा दगड निसटून शेतकऱ्याचेही नुकसान होते. यास्तव स्थानिक वाटाड्या बरोबर घेणे इष्ट ठरते. कोणत्या खाचरात नुकतीच लावणी झाली आहे, कोणता बांध कच्चा आहे व कोणत्या दिवशी शेतात जाणे निषिद्ध आहे, हे त्यालाच ठाऊक असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाण्याने भरलेली खाचरे आरशासारखी दिसतात, एप्रिल-मेमध्ये ती हिरवीगार असतात आणि जूनच्या सुमारास पीक पिवळे पडते. पदभ्रमणास पावसाळ्यापूर्वीचे महिने सोयीचे असतात.

पर्यटन व शेती : पर्यटनामुळे बानावेत निवासगृहे, भोजनालये, वाहतूक, विणकाम व लाकूडकोरीव काम यांना चालना मिळाली आणि रोख उत्पन्नाचे साधन निर्माण झाले. परंतु या उत्पन्नाचा मोठा भाग नगरातील व्यावसायिकांकडे जातो. ज्याच्या खाचराचे छायाचित्र घेतले जाते, त्या शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्ष फारसे काही येत नाही. वाटाड्याच्या वा चालकाच्या कामात शेतीपेक्षा अधिक रोख पैसा मिळत असल्याने भिंती बांधू शकणारे तरुण हातच शेतीपासून दूर जातात. शिकलेली मुले बागियो, मानिला येथे व परदेशांतही नोकरीस जातात. वस्तूंच्या मागणीचाही उलटा परिणाम झाला. कणगीतील बुलुल दुकानातील शोभेची मूर्ती झाली आणि तिच्या कोरीव कामासाठी मुयोंगमधील झाडे तोडली गेली. रान विरळ झाल्याने झऱ्यांचे पाणी घटले. नजाऱ्याच्या जागी पारंपरिक पोशाखातील वृद्ध पैसे घेऊन छायाचित्रासाठी बसतात. हाच पोशाख ज्या विधींत वापरला जाई ते आता क्वचितच होतात.

शेतीपुढे इतरही संकटे आहेत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात खाद्य म्हणून फिलिपीन्समध्ये आणलेली सोनेरी गोगलगाय खाचरांत पसरली व कोवळी रोपे खाऊ लागली. कोरड्या पडलेल्या बांधांना मोठी गांडुळे पोखरतात. १६ जुलै १९९० च्या भूकंपाने उत्तर लूझॉनमध्ये मोठी हानी झाली. अवेळी पाऊस व दीर्घ अवर्षण यांमुळे लावणीचा काळ साधणे कठीण झाले आहे. पंचवीस ते तीस टक्के खाचरे पडीक झाल्याचे निदर्शनास आल्यावर २००१ मध्ये युनेस्कोने हे स्थळ संकटग्रस्त वारशाच्या सूचीत घातले. सूचीतील हा समावेश स्वतः फिलिपीन्सच्या विनंतीवरून झाला, ही लक्षणीय गोष्ट आहे.

संरक्षणाचे प्रयत्न : खाचरांच्या रक्षणासाठी १९९४ मध्ये शासनाने एक आयोग नेमला. पुढे पाट व भिंती यांची दुरुस्ती, भूवापराचे स्थानिक नियम आणि व्यवस्थापन योजना यांची अंमलबजावणी झाल्यावर २०१२ मध्ये या स्थळाचे नाव संकटग्रस्त सूचीतून काढण्यात आले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने इफुगाव खाचरांना जागतिक महत्त्वाच्या कृषिवारसा पद्धतींत स्थान दिले. शाळांतून हुधुद, विणकाम व कृषिज्ञान शिकविण्याचे उपक्रम सुरू झाले. जपानच्या कानाझावा विद्यापीठाच्या सहकार्याने २०१४ पासून तरुणांसाठी खाचरांच्या जतनाचे प्रशिक्षण देण्यात आले. तिनावोन तांदूळ अधिक किमतीने शहरांत व परदेशांत विकण्याचेही प्रयत्न झाले आहेत. परंतु कुटुंबाच्या गरजेपुरतेही न पुरणारे पीक विक्रीस काढावे किती, हा प्रश्न त्यांत उरतोच.

यांपैकी पर्यटनाशी संबंधित उपक्रमांत प्रवाशाला केवळ प्रेक्षक न ठेवता शेतीच्या चक्राशी जोडण्याचा विचार दिसतो. लावणी वा कापणीच्या हंगामात शेतकऱ्यांबरोबर काम करणे, ढासळलेल्या भिंतीसाठी दगड वाहून नेणे, गावातील घरी राहून तेथील तांदूळ व भाजीपाला खाणे, प्रवेशशुल्काचा वाटा बांधदुरुस्तीस देणे असे त्याचे प्रकार आहेत. असे पर्यटन लहान प्रमाणावरच शक्य असते व त्याने सर्व खाचरांचा खर्च भागत नाही. तथापि पैसा दुकानाऐवजी बांधाकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे तयार होतो. सूचीतून वगळलेल्या बानावेच्या खाचरांचा अनुभव बाताद व बांगाआन येथील ग्रामस्थांसमोर आहे. रस्ता, सिमेंटची घरे व पत्र्याची छपरे यांची गरज त्यांनाही आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार बाहेरच्या प्रवाशाला नाही. या सोयी मिळवूनही पाट वाहते व खाचरे ओली राहतील, इतके माणूसबळ गावात टिकवणे, हा येथील संरक्षणापुढील मुख्य प्रश्न आहे.